नाकातली फिरकी

लातूरला आमच्या गल्लीत शिकवणीच्या पोरी राहतात. कुणी उमरीची, कुणी देगलूरची, कुणी पार उदगीरच्या पलीकडची. उन्हाळ्यात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या दारात चपलांचा ढीग पडतो. परीक्षेच्या गेटवर अंगावर धातूचं काही चालत नाही. कानातलं निघतं, अंगठी निघते, पैंजण निघतात, नाकातली चमकी तेवढी निघत नाही. मग कुणीतरी सांगतं, कोपऱ्यावरच्या सिस्टरकडं जा. पुढं माणसांची पोटं उघडायला निघालेल्या या पोरी माझ्या पलंगावर ओळीनं नाक वर करून बसतात. मी आधी सगळ्यांना नाक खाली करायला लावते. का, ते पुढं येईलच.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीतली बरीच वर्षं मुखेडच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात गेली, त्यातही जास्त ऑपरेशनच्या खोलीत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या अंगावरचे दागिने उतरवून घेणं हे सिस्टरचं काम. लोकांना वाटतं, हे चोरीच्या भीतीनं करतात. तेही एक कारण आहेच. पण खरी कारणं दोन. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं एक हत्यार वापरतात. अंगावर धातू असला तर त्या जागी कातडी भाजू शकते. दुसरं म्हणजे, भूल देताना तोंडानाकावर मास्क येतो, घशात नळी जाते. त्या गडबडीत नाकातलं काही सैल झालं आणि आत गेलं, तर ते थेट श्वासाच्या वाटेला लागतं.

बांगड्या साबणानं निघतात. जोडव्याला दोरा गुंडाळला की ते सरकतं. मंगळसूत्राला रुसवेफुगवे असतात, पण ते डोक्यावरून निघतं. सगळ्यात हट्टी नाक. कारण नाकातला दागिना बाई रोज बघते, पण त्याची मागची बाजू तिनं वर्षानुवर्षं बघितलेलीच नसते. पुढं खडा, मागं दांडी, आणि दांडीवर नाकाच्या आत बसवलेली फिरकी. म्हणजे मळसूत्राचा एवढासा पेच. त्यावर सर्दी, धूळ, पावडर, सगळं साचून घट्ट होतं. काही चमक्यांना फिरकी नसते, तार वळवलेली असते. ती ओढली तर आतून चिरत येते.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. बसस्टँडजवळ एक म्हातारे सोनार होते, त्यांनी शिकवलं. एकदा एका बाईची मुरणी, म्हणजे आमच्याकडची नाकातली चमकी, मी पकडीनं ओढत होते, ती वाकली आणि अडकून बसली. नाइलाजानं सोनारकाकांना बोलावलं. त्यांनी पकड माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली. म्हणाले, "सोनं जोरानं निघत न्हाई, सिस्टर. ते मऊ असतंय. जोर केला की वाकतंय, आन् वाकलं की अडतंय." मग कोमट पाण्याचा बोळा लावून ते तिच्याशी तिच्या गावातल्या पाऊसपाण्याच्या गप्पा मारत बसले. दहा मिनिटांनी मुरणी त्यांच्या हातात होती. ती दहा मिनिटंच आमच्याकडं नसायची.

बाया मुरणी काढायला नाही म्हणायच्या, त्याचं कारण मात्र नेहमी पेच नसायचं. गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आलेल्या एक आजी होत्या. मालक बाहेर बाकड्यावर बसलेले असताना मी नाक मोकळं कसं करू, असं म्हणून त्यांनी तोंडावर पदरच घेतला. डॉक्टर हात धुऊन तयार. शेवटी मी आजोबांना आत बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाले, "मी हाय का न्हाई, हे आता ती मुरणी ठरवनार हाय का?" आजींनी पदर काढला. मुरणी काढून मी आजोबांच्या तळहातावर ठेवली, त्यांनी मूठ मिटली. ऑपरेशन संपेपर्यंत ते तसेच बसून होते. शिपाई चहा घेऊन गेला, तर डाव्या हातानं कप धरला, उजवी मूठ उघडली नाही.

असे किस्से मी पुष्कळ सांगत असते. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण मी नाक खाली का करायला लावते, ते ज्या लेकराकडून शिकले, त्याची गोष्ट मी फारशी सांगत नाही.

त्या दिवशी आमच्याकडं कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. व्हरांड्यात बाया, त्यांच्या मांडीवर लेकरं, लेकरांच्या मागं सासवा. मी हातात ट्रे घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळत होते. त्यात अनिता नावाची एक बाई सहा वर्षांच्या पोरीला घेऊन मधे उभी राहिली. जवळच्याच खेड्यातली. पोरीचं नाव शिवानी. शिवानीच्या नाकात आजीनं हौसेनं घातलेली सोन्याची चमकी होती, पोरगी सारखी तिथं बोट घालायची, नाक लाल झालं होतं. अनिता म्हणाली, पेच निघंना, तेवढा काढून द्या.

मी थांबलेसुद्धा नाही. चालता चालता म्हणाले, "घरीच काढ की. दोन मिनटाचं काम हाय. धर आन् फिरव."

यात खोटं काही नव्हतं. नीट केलं तर ते दोन मिनिटांचंच काम आहे. पण कसं धर, कुठं बसव, काय सांभाळ, यातलं एक अक्षर मी बोलले नाही. ती एक क्षण उभी राहिली, मग पोरीचा हात धरून निघून गेली. मी ते विसरूनही गेले.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी शिवानी पुन्हा दवाखान्यात आली. खोकला आणि ताप. बरोबर अनिता, तिचा नवरा बालाजी आणि सासू सोजरबाई. सोजरबाई उंच, काटक, बोलण्यात धार असलेली बाई. सगळी हकिकत त्याच सांगत होत्या. पोरगी कधीपासून खोकायली, गावातल्या डॉक्टरनं कोणती बाटली दिली, मुखेडला एकांनी वाफ दिली, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा सुरू. रात्रीची झोप नाही, पोरगी पार वाळून गेली. अनिता मागं भिंतीला टेकून उभी होती.

आमच्याकडं तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी शिवानीच्या छातीला नळी लावली. डावीकडं ऐकलं, उजवीकडं ऐकलं, परत डावीकडं, परत उजवीकडं. मग विचारलं, उजव्या बाजूला हवा कमी जातीय, हिनं काही गिळलं होतं का? शेंगदाणा, चिंचोका, मणी? खेळता खेळता ठसका लागला होता का?

सोजरबाई म्हणाल्या, "न्हाई ओ. आमच्या घरात लेकराच्या हाती असलं काय पडत न्हाई." बालाजीनंही मान हलवली. अनितानं मान हलवली नाही, पण हो असंही म्हणाली नाही.

मी शिवानीला झोपवायला वाकले होते. तिच्या नाकपुडीला एक काळा दोरा दिसला. छिद्र बुजू नये म्हणून ओवून गाठ मारलेला. तो दोरा बघितला आणि शिबिराचा दिवस माझ्यासमोर उभा राहिला. लाल झालेलं नाक, आणि माझं ते वाक्य.

अनिताला मी ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटलं. तिला विचारलं, चमकी निघाली का. हाव, म्हणाली. मग विचारलं, फिरकी सापडली का. ती जमिनीकडं बघत राहिली. बाहेर सोजरबाईंचा आवाज येत होता. अनिता हळूच म्हणाली, "न्हाई सापडली."

मग तिनं सगळं सांगितलं. घरी गेल्यावर दुपारी, सासू शेतात असताना, तिनं शिवानीला दारातल्या उजेडात मांडीवर उताणं झोपवलं. डोकं मागं, नाक वर, म्हणजे आतलं नीट दिसावं म्हणून. एका हातानं खडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट आत घालून फिरकी फिरवली. फिरकी सैल झाली. पोरगी दुखतंय म्हणून किंचाळली आणि तिनं मोठा श्वास आत ओढला. तेवढ्यात फिरकी दांडीवरून सुटली होती. शिवानीला जोराचा ठसका लागला, डोळे लाल झाले, थोड्या वेळानं ती शांत झाली. पाणी प्याली, खेळायला गेली. अनिताला वाटलं, फिरकी खाली पडली. तिनं घर झाडलं, केर चाळणीनं चाळला, अंगण झाडलं, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसून माती चिवडली. सापडली नाही. ठसक्याचा आणि फिरकीचा संबंध तिच्या मनात आला नाही असं नाही. पण पोरगी खेळत होती, आणि सोनं हरवलं म्हणून सासूला काय सांगायचं, ही फिकीर मोठी होती. चमकी काढून डब्यात ठेवली, एवढंच तिनं घरी सांगितलं. पुढं खोकला सुरू झाल्यावर तर सांगणं आणखी अवघड झालं. प्रत्येक डॉक्टर विचारायचा, काही गिळलं का, आणि प्रत्येक वेळी सासू शेजारी असायची.

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. फोटो काढला. छातीच्या एक्स-रेत उजव्या बाजूला, फुफ्फुसाकडं जाणाऱ्या नळीच्या वाटेवर, एक पांढरा ठिपका. हरभऱ्याच्या डाळीच्या तुकड्याएवढा. जवळून बघितलं तर त्याच्या कडेला दातेसुद्धा दिसत होते.

असली वस्तू दुर्बीण घालूनच काढावी लागते, आणि लेकराला भूल देऊन. ते आमच्याकडं होणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लातूरला फोन केला, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात सोय झाली. रुग्णवाहिका बोलावली आणि मला सोबत जायला सांगितलं. जायला सांगितलं नसतं तरी मी गेले असते. वाटेत वस्तू हलली तर पूर्ण श्वास अडू शकतो, हे मला माहीत होतं. अनिताला मी ते सांगितलं नाही. शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं, माझा हात सगळा रस्ता शिवानीच्या छातीवर होता. ती मला विचारत होती, लातूरला बस लई मोठ्या असतात का. मी म्हणत होते, लई मोठ्या.

सोजरबाई आणि बालाजी मागून जीपनं आले. तोवर शिवानीला आत नेलं होतं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही चौघं उभे. आयुष्यभर मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते. बाहेर उभं राहिलं की घड्याळ कसं चालतं, हे त्या दिवशी बघितलं.

तोवर फिरकीची गोष्ट सगळ्यांना कळली होती. बालाजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. सोजरबाई अनितासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं ते जास्तच बोचलं. "तुला कुणी सांगितलं होतं, घरी काढ म्हून?"

अनितानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग परत खाली बघून म्हणाली, "कुणी न्हाई. माझ्याच मनानं काढली, आत्याबाई."

मी तिथंच होते, दोन हातांवर. हातात शिवानीचे कागद होते. मी कागद बघत राहिले.

त्या वेळी मी मनाशी काय काय हिशोब केले, ते आजही आठवतं. नातेवाईक चिडले की दवाखान्यात काय होतं, ते आम्ही बघितलेलं होतं. आमच्याच एका सिस्टरच्या अंगावर लोक धावून गेले होते. चौकशी लागली असती. शिवाय मी खोटं तर काही सांगितलं नव्हतं, आणि आता ते बोलून लेकराला काय फायदा. सगळी कारणं बरोबर होती. तरी ती कारणं होती, हेही मला तेव्हाच कळत होतं.

तासाभरानं आतले डॉक्टर बाहेर आले. वस्तू निघाली होती. काळी पडलेली, चिकट, पण अख्खी. छोट्या बाटलीत घालून त्यांनी ती आमच्यापुढं धरली. सोजरबाईंनी बाटली घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि मग पहिल्यांदा बाकड्यावर बसल्या. शिवानी तीन दिवस दवाखान्यात शरीक, म्हणजे भरती होती. चौथ्या दिवशी ती मोठ्या बस बघत घरी गेली. पुढं खोकला गेला, ताप गेला, अंगही धरलं. मी आमच्या दवाखान्यात परतले आणि ड्युटी सुरू केली.

तेव्हापासून मी चमकी कशी काढायची ते लोकांना पूर्ण सांगायला लागले. कितीही गर्दी असो. समोरच्या बाईला माझ्याच नाकावर करून दाखवायचे. माझं तोंड बंद होतं ते फक्त एका घरापुरतं.

दोन-तीन महिन्यांनी अनिताच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर बैठकीला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की गावात अनिताला नाव पडलंय. लेकराच्या नरड्यात सोनं घालणारी. पाणवठ्यावर, लग्नात, कुठंही कुणी ना कुणी तो विषय काढतंच. सासू घरात काही बोलत नाही, पण बाहेर बोलणाऱ्याचं तोंडही धरत नाही. शिवानीला आता आजी स्वतःजवळ झोपवते, आईजवळ नाही.

पुढच्या सुट्टीला मी एस.टी.नं त्यांच्या गावी गेले. सकाळची वेळ, अंगणात सोजरबाई तूर निवडत बसल्या होत्या. अनितानं पाणी दिलं. शिवानी शाळेत होती. इकडचं तिकडचं बोलण्यात वेळ घालवला असता तर मी तशीच परतले असते, हे मला माहीत होतं. म्हणून पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि सांगितलं, की अनिता चमकी काढायला आधी माझ्याकडं आली होती, मी तिला हाकलल्यासारखं केलं, आणि घरी काढ हे मीच सांगितलं.

सोजरबाईंचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "मग लातूरला तोंड का शिवलं होतं तुमचं?"

मी म्हणाले, "भ्याले होते."

"आन् ही? ही भ्याली न्हवती?"

सोजरबाईंनी सुनेकडं तोंड केलं आणि विचारलं, की तू का गप्प बसलीस. अनिता चुलीकडं निघाली होती, ती तिथंच उभी राहिली. तिचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण नोकरीत मला कुणी याहून मोठं काही सुनावलं नाही. ती म्हणाली, "सिस्टर लेकराच्या संगं होत्या. त्यांचं नाव घेतलं असतं तर तुम्ही त्यांना तिथून काढून दिलं असतं. मग आत काय चाललंय, ते आपल्याला कुणी सांगितलं असतं?"

सोजरबाईंनी परत तूर निवडायला घेतली. मला वाटलं, आता उठावं. एवढ्यात त्या सूप बाजूला सारून म्हणाल्या, की माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. दोनदा शिबिराला नेलं, दोन्ही टायमाला परत आले, कारण तिथली पोरं म्हणतात मुरणी काढून या. लग्नात घातलेली, त्यानंतर कधी काढली न्हाई. सोनार काढतो म्हणाला तर मी हात लावू दिला न्हाई. या आठ दिवसांत पुन्हा जायचं हाय.

मी हात धुवायला उठले. त्या म्हणाल्या, "तुम्ही न्हाई. ही काढंल. तुम्ही सांगा."

अनिता हातभर मागं सरकली. जमणार नाही म्हणाली. सोजरबाई दारातल्या उजेडाकडं तोंड करून पाटावर बसल्या.

मग मी सांगत गेले आणि अनिता करत गेली. आधी हात साबणानं धुतले, नखं बघितली. एक पांढरं धोतर चौपदरी करून सोजरबाईंच्या मांडीवर पसरलं, म्हणजे काही पडलं तर दिसावं. मोरीपाशी किंवा उघड्या नळाखाली हे काम करायचं नाही, पडलेली वस्तू थेट गटारात जाते. डोकं मागं टाकायचं नाही, मान पुढं झुकवायची, श्वास तोंडानं हळू घ्यायचा. नाकपुडीचं तोंड जमिनीकडं असलं की फिरकी सुटली तरी खालीच पडते. मी सांगितलं, सुजलं असेल, पू असेल तर घरी हात लावायचा नाही. दागिना काढला की छिद्र मिटतं आणि पू आत कोंडतो, ते डॉक्टरला दाखवायचं. नव्या टोचलेल्या नाकालाही घाई नाही. लहान लेकरू असेल आणि ते घाबरलं असेल, रडत असेल, तर त्या दिवशी काढायचंच नाही. आणि समजा, फिरकी सुटून नाकात वर राहिली, तर जोरात श्वास ओढायचा नाही. दुसरी नाकपुडी दाबून हळूच शिंकरायचं. ठसका लागला आणि वस्तू सापडली नाही, तर झाडत बसायचं नाही, तसंच दवाखान्यात यायचं. आणि खरं सांगायचं.

शेवटचं वाक्य मी कुणाला उद्देशून बोलले, ते मलाच नीट माहीत नाही.

कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेला बोळा अनितानं नाकाच्या आतबाहेर धरला. बराच वेळ. वर्षानुवर्षांचं कीट सुटायला लागलं. मग दांडीवर खोबरेलाचा एक थेंब. पुन्हा थांबलो. सोजरबाई मान झुकवून बसल्या होत्या, सुनेपुढं. त्या घरात ते दृश्य आधी कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. अनितानं आतल्या बाजूनं फिरकी चिमटीत धरली. बोट निसटायला लागलं तेव्हा मी कापडाचा तुकडा दिला, त्यानं पकड आली. बाहेरून खडा स्थिर धरला आणि फिरकी डावीकडं फिरवली. हलेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, जोर नको, अजून एक थेंब. तिनं थेंब सोडला, दम खाल्ला, पुन्हा फिरवली. या वेळी ती हलली. अर्धा फेरा, एक, दोन. अनिताच्या कपाळावर घाम आला होता, पण हात स्थिर होता. माझा एवढा स्थिर राहिला नसता.

फिरकी सुटली आणि पांढऱ्या धोतरावर पडली. एवढीशी, पिवळी, सगळ्यांना दिसेल अशी. "दिसली," अनिता म्हणाली, आणि पुढून खडा धरून दांडी सरळ बाहेर काढली. रक्ताचा थेंबसुद्धा नाही.

सोजरबाईंनी बोटानं नाक चाचपलं. तिथं आता नुसतं भोक होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मोतीबिंदूचं का कशाचं, ते मी विचारलं नाही. अनितानं मुरणीला फिरकी परत बसवली, पुसली, कापडाच्या चिंधीत गुंडाळली आणि त्यांच्यापुढं धरली. सोजरबाईंनी हात पुढं केला नाही. मान अजून झुकलेलीच होती. तशाच म्हणाल्या, "ठेव तुझ्यापाशी. कुठं ठेवलीस ते मला सांगू नको."